इंदुरात नव्याने आलात? स्कूटर घेण्याआधी इथल्या गाड्या ओळखून घ्या

पुणे, नाशिक, जळगाव, नागपूर, कुठूनही माणूस नोकरीला, शिकायला किंवा लग्न होऊन इंदुरात आला की पहिल्याच आठवड्यात घरमालक, ऑफिसातले सहकारी आणि सासरची मंडळी त्याला एकच सल्ला देतात. "गाडी घेऊन टाका, इथे गाडीशिवाय भागत नाही." मी याच शहरात वाढलो आणि इथल्या बस, व्हॅन, आगगाड्यांवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. पहिला महिना गाडी घेऊ नका. शहरातल्या गाड्यांनी फिरा. नंतर स्कूटर घ्यायची तर जरूर घ्या, पण तोवर इंदूर तुमच्या पायाखालचं झालेलं असेल.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधी सांगतो. मुंबईत लोक लोकलची लाइन सांगतात, पुण्यात बसचा नंबर विचारतात. इंदुरात चौराहा, म्हणजे चौक सांगतात. बस, मॅजिक नावाची छोटी व्हॅन, ई-रिक्षा, ऑटो, सगळ्यांची गाठ चौराह्यावर पडते. तेव्हा आधी चौराहे, मग गाड्या.

पहिली पायरी: शहराचा सांगाडा डोक्यात बसवा

एबी रोड म्हणजे जुना आग्रा-मुंबई रस्ता. देवास नाक्याकडून तो शहरात शिरतो आणि राऊच्या बाजूने महूकडे, पुढे महाराष्ट्राकडे निघून जातो. शहरातले त्यावरचे थांबे या क्रमाने येतात: निरंजनपूर, सत्यसाई, विजय नगर, रसोमा, एलआयजी, इंडस्ट्री हाउस, पलासिया, गीता भवन, शिवाजी वाटिका, जीपीओ, नवलखा, भंवरकुआं आणि मग राजीव गांधी चौराहा. हा क्रम तोंडपाठ करा. खरंच सांगतो, एवढं पाठ झालं की अर्धं इंदूर हातात आलं. उत्तरेच्या टोकाला मॉल आणि ऑफिसं, दक्षिणेच्या टोकाला कोचिंग क्लास आणि विद्यापीठ, मध्ये मेडिकल कॉलेज, दवाखाने, दुकानं.

दुसरा रस्ता एमजी रोड. पलासियाहून पश्चिमेला निघालात की हायकोर्ट, रीगल, गांधी हॉल, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारकं) आणि राजवाडा. राजवाड्यापुढे बडा गणपती, तिथून विमानतळाकडे. हा रस्ता आणि एबी रोड एकमेकांना छेदतात ते पलासियाला, म्हणून कुठेही वाट चुकलात तर मनाने आधी पलासियाला या आणि तिथून विचार करा. छप्पन दुकान ही खाऊगल्लीही तिथून जवळच आहे, त्यामुळे हे नाव विसरण्याचा प्रश्न येत नाही.

तिसरी गोष्ट पूर्वेकडचा रिंग रोड. विजय नगरच्या बाजूने रेडिसन, रोबोट, खजराना, बंगाली, पीपल्याहाना, तीन इमली असे चौराहे खाली उतरत येतात. ज्यांचं घर कनाडिया रोडला किंवा टिळक नगरच्या बाजूला आहे त्यांना हा रिंग रोड एबी रोडपेक्षाही जास्त लागतो.

पश्चिम बाजू मराठी माणसाने नीट समजून घ्यावी, कारण बहुतेक वेळा आपला पहिला मुक्काम तिकडेच कुणा नातेवाइकाकडे असतो. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, वैशाली नगर या वस्त्यांची दारं म्हणजे महू नाका, अन्नपूर्णा आणि फूटी कोठी. रामबाग आणि नारायण बाग मात्र जुन्या शहरात, राजवाड्याच्या आवाक्यात. तिथे राहायला आलात तर निम्मी कामं पायीच होतील.

जुन्या शहराबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबारासाठी इंदूरचा अहवाल लिहिला तो 1918 साली. जुन्या गल्ल्या सरसकट पाडून सरळ रुंद रस्ते काढायच्या तो विरोधात होता. वस्ती जपत, गरजेपुरतीच कापाकापी करावी, असं त्याचं म्हणणं. राजवाडा, सराफा, बजाजखाना या भागात चालताना मला नेहमी त्याची आठवण येते. या गल्ल्या पायी चालण्यासाठीच आहेत. राजवाड्यापर्यंत गाडीने या, उतरा आणि पुढे चाला. तिथे ऑटो आत न्यायचा हट्ट धरलात तर पैसे जातील आणि वेळही.

दुसरी पायरी: जागेची बोलण्यातली नावं शिका

सरकारी पाटी एक आणि लोकांच्या तोंडात दुसरंच, हे इथे पदोपदी भेटेल. भंवरकुआं चौराह्याला 2021 मध्ये क्रांतिकारक टंट्या मामांचं नाव दिलं. नाव योग्य माणसाचं आहे, पण गाडीवाल्याला मात्र अजून भंवरकुआंच सांगावं लागतं. महू गावाचं नाव 2003 पासून डॉ. आंबेडकर नगर आहे. बाबासाहेबांचं जन्मस्थान ते. बसवाला "महू महू" ओरडेल, पण रेल्वेचं तिकीट काढताना "डॉ. आंबेडकर नगर" शोधा, नाहीतर स्टेशन सापडणारच नाही. "एमआर-10", "एमआर-9" ही नावं ऐकून गोंधळू नका. एमआर म्हणजे मेजर रोड, विकास आराखड्यात दिलेला क्रमांक. लोकांनी तोच नावासारखा वापरायला घेतला.

पत्ता विचारताना घर क्रमांकाआधी विचारा, "कौन सा चौराहा पड़ेगा?" उत्तरात एक चौराहा आणि एक खूण मिळेल: एखादं मंदिर, एखादी टाकी, एखादं नमकीनचं दुकान. दोन्ही लिहून ठेवा. गाडी चौराह्यापर्यंत नेते आणि तिथून पुढे खूण नेते.

तिसरी पायरी: सिटी बस

इंदूरची सिटी बस ज्या कंपनीकडे आहे तिचं नाव अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड, सगळे एआयसीटीएसएल म्हणतात. कंपनी 2005 च्या डिसेंबरात स्थापन झाली आणि 2006 मध्ये बस रस्त्यावर आल्या. ही रचना पुण्या-मुंबईच्या माणसाला नवी वाटते. मार्ग, थांबे, भाडं आणि देखरेख कंपनीकडे, गाड्या मात्र मुख्यतः खासगी ऑपरेटरांच्या. त्याआधी शहरात टेम्पो आणि मिनीबसचं राज्य होतं. थांबा, वेळ, रंग कशालाच धरबंध नव्हता. तेव्हाच्या माणसाला विचारा, ठरलेल्या थांब्यावर ठरलेल्या रंगाची बस येणं ही केवढी गोष्ट होती. देशातल्या अनेक मध्यम शहरांनी पुढे हीच पद्धत उचलली आणि याचा मला खूप अभिमान आहे.

प्रवाशाने यातून एवढंच लक्षात ठेवायचं की सगळ्या मार्गांवर सारखी बस आणि सारखा वेळ मिळेल असं धरू नये. एबी रोडवर बसची वाट फार पाहावी लागत नाही. आडमार्गावर पाहावी लागते. म्हणून नव्या माणसाने लांबचा प्रवास शक्यतो दोन तुकड्यांत करावा: जवळच्या वाहनाने एबी रोड किंवा राजवाडा गाठायचा आणि तिथून बस धरायची. थेट बसची वाट बघत उभं राहण्यापेक्षा हे जवळपास नेहमीच लवकर होतं.

आता आय-बसबद्दल. इथे जुनी माहिती वाचून लोक चुकीच्या जागी उभे राहतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 10 मे 2013 पासून निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा या सुमारे साडेअकरा किलोमीटरवर आय-बस धावायची, बससाठी राखलेल्या लेनमधून. या व्यवस्थेला बीआरटीएस म्हणत. रस्त्याच्या मधोमध रेलिंग लावलेली बसची वेगळी लेन, मध्येच उंच फलाटाची स्टेशनं आणि फलाटाच्या उंचीला येऊन लागणारं बसचं दार. शेजारी मोटारी अडकलेल्या असताना बस सरळ निघून जायची. त्या बसमध्ये कॉलेजची मुलं, नर्सबाई, क्लासला जाणारे, दुकानात काम करणारे सगळे एका वेगाने शहर ओलांडत होते. महिलांसाठी गुलाबी बस होती, तिच्या स्टिअरिंगवरही महिलाच. नोव्हेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी बीआरटीएस हटवण्याची घोषणा केली, फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्याला मोकळीक दिली आणि रेलिंग काढायला सुरुवात झाली. कारण सांगितलं गेलं ते वाहतूक कोंडीचं. चौराह्यांवर उड्डाणपुलांना जागा हवी हेही कारण होतं. माझं मत स्पष्ट आहे. बसला वेगळी लेन देणं हा या शहराने घेतलेला सर्वांत न्याय्य निर्णय होता आणि ती लेन पुन्हा कुठल्या तरी रूपात आली पाहिजे.

नव्या माणसासाठी त्याचा अर्थ असा: रस्त्याच्या मध्ये जाऊन उभं राहू नका. एबी रोडवरच्या बस आता बाकीच्या वाहनांबरोबरच चालतात, थांबा डाव्या कडेला शोधा. आणि लोक अजून "आय-बस स्टॉपच्या समोर" असा पत्ता सांगतात तेव्हा जुन्या स्टेशनची जागा त्यांच्या मनात असते, हे ध्यानात ठेवा. जुन्या फोटोतलं स्टेशन जागेवर असेलच असं नाही.

बसमध्ये चढण्याची रीत साधी आहे. थांब्यावर हात करा. दारात उभ्या कंडक्टरला उतरायच्या चौराह्याचं नाव सांगा, थांब्याचं छापील नाव नको. सुटे पैसे जवळ ठेवा. पुढच्या बाजूच्या महिलांसाठी राखीव जागा पुरुषांनी सोडाव्यात, इथल्या बाया त्या हक्काने मागतात आणि त्यांचं बरोबरच आहे. उतरायच्या एक चौराहा आधी दाराकडे सरका. रोजचं येणं-जाणं ठरलं की मासिक पास काढा. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांगांना सवलत असते. एबी रोडवर गीता भवन आणि शिवाजी वाटिकेच्या पट्ट्यात कंपनीचं आवार आहे. फोटो, ओळखपत्र आणि विद्यार्थ्यांनी कॉलेजचं बोनाफाइड घेऊन एकदा तिथे जाऊन या, मार्गांची ताजी माहितीही तिथेच मिळते. बस कुठवर आली ते मोबाइलवर बघण्याची सवय लावून घेतलीत तर थांब्यावरचा वेळ वाचेल. मात्र अ‍ॅपमधला आकडा आणि समोरचा रस्ता यांत तफावत पडली तर रस्त्यावर विश्वास ठेवा.

आणखी एक गोष्ट, फक्त आनंदासाठी. देवगुराडियाला शहराच्या ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प आहे. 19 फेब्रुवारी 2022 रोजी त्याचं उद्घाटन झालं. क्षमता दिवसाला 550 टन ओला कचरा आणि त्यातून सुमारे 17,000 किलो बायो-सीएनजी. हा गॅस सिटी बससाठी वापरायचा हीच मूळ योजना. तुम्ही सकाळी कचरागाडीत टाकलेली भाज्यांची देठं कुणाच्या तरी बसची टाकी भरतात. इथे ओला-सुका कचरा वेगळा करताना शेजारी तुम्हाला सक्तीने शिकवतील, तेव्हा हे आठवा.

चौथी पायरी: मॅजिक, व्हॅन आणि ई-रिक्षा

हे खरं इंदूर. बस जिथे पोचत नाही तिथे मॅजिक पोचते. टाटा मॅजिक ही छोटी चारचाकी गाडी ठरलेल्या मार्गावर सवारी घेत फिरते. कुणी व्हॅन म्हणतं, कुणी नुसतंच मॅजिक. गाडीवरची पाटी वाचत बसू नका, चालकाला विचारा: "भिया, राजवाडा जाओगे?" इथे सगळेच भिया असतात, वयाचा प्रश्न नाही. बाईने विचारलं तरी भियाच. चालक मान हलवेल किंवा पुढचा चौराहा सांगेल, "महू नाका तक छोड़ दूंगा." तो जिथे सोडेल तिथून पुढची मॅजिक मिळते, घाबरायचं काही नाही.

नव्या माणसाला माहीत नसतं की मार्गाच्या पहिल्या टोकाला मॅजिक भरेपर्यंत हलत नाही. राजवाड्याजवळ रिकाम्या मॅजिकमध्ये जाऊन बसलात तर दहा-पंधरा मिनिटं सहज जातील. थोडं पुढे चालत जा आणि वाटेवरची, अर्धी भरलेली गाडी धरा. भाडं उतरताना द्यायचं. किती ते आधी शेजारच्या प्रवाशाला हळूच विचारून घ्या, तो बरोबर सांगेल. नवे चेहरे ओळखणारे चालक असतातच. पण शेजारी बसलेल्या बाईने "भिया, इतना नहीं लगता" म्हटलं की विषय संपतो. इंदुरातली ही मदतीची सवय मी इतर शहरांत क्वचित पाहिली.

ई-रिक्षा जवळच्या अंतराला उत्तम. एक काळजी घ्या. बसण्याआधी "सवारी" की "पूरी गाड़ी" हे ठरवून घ्या. सवारी म्हणजे एका माणसाचे पैसे, वाटेत दुसरेही चढणार. पूरी गाड़ी म्हणजे सगळं भाडं तुमचं. हे ठरवलं नाही की उतरताना वाद होतो. बॅगा असतील, लहान मूल असेल, आजी-आजोबा बरोबर असतील तर सरळ पूरी गाड़ी करा.

ऑटो आणि अ‍ॅपवरच्या टॅक्सी-बाइक सगळीकडे आहेत. त्यांच्याबद्दल इतर शहरांत जे माहीत आहे तेच इथेही. मीटरवर जाणारा ऑटो विरळा, भाडं आधी ठरवा.

पाचवी पायरी: मेट्रो कधी वापरायची

इंदूर मेट्रोचं भूमिपूजन 14 सप्टेंबर 2019 रोजी झालं, पहिली चाचणी 30 सप्टेंबर 2023 ला आणि प्रत्यक्ष प्रवासी सेवा 31 मे 2025 ला, अहिल्याबाईंच्या 300 व्या जयंतीदिनी सुरू झाली. सुरुवातीचा टप्पा गांधी नगर ते सुपर कॉरिडॉर-3, पाच स्टेशनं, जवळपास सहा किलोमीटर. गांधी नगरच्या स्टेशनला देवी अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे, पुढच्या चारांना महाराणी लक्ष्मीबाई, राणी अवंतीबाई लोधी, राणी दुर्गावती आणि झलकारीबाई यांची. पूर्ण पिवळी मार्गिका सुमारे 31 किलोमीटरची वर्तुळाकार आहे, म्हणजे गाडी शहराला वळसा घालून पुन्हा सुरुवातीला येणार. तीन डब्यांच्या या गाड्या बडोद्याजवळच्या सावलीच्या कारखान्यात तयार झाल्या.

पहिला आठवडा प्रवास मोफत होता. तेव्हा लोक लेकराबाळांसह, आजी-आजोबांना घेऊन नुसती चक्कर मारायला आले होते. नव्या माणसाने मात्र व्यवहाराने पाहावं. सुपर कॉरिडॉरवरच्या टीसीएस किंवा इन्फोसिसमध्ये नोकरी असेल आणि घर विमानतळ, कालानी नगर, गांधी नगर या बाजूला घेणार असाल, तर घर बघतानाच स्टेशनचं अंतर मोजा. पिवळी मार्गिका जशी पुढे सरकेल तसा त्या घराचा उपयोग वाढत जाईल. बाकीच्यांनी स्टेशनवर लावलेलं त्या दिवसाचं वेळापत्रक बघूनच निघावं. फेऱ्यांची वेळ धरूनच पुढची मॅजिक किंवा बस ठरवा. उलटं केलंत तर फलाटावर बसून राहाल. आणि एखाद्या सुटीच्या संध्याकाळी फक्त बघायला जा. उंचावरून धावणाऱ्या गाडीतून शहराचं नवं टोक दिसतं, शेतं आणि काचेच्या इमारती शेजारी-शेजारी. मला तो प्रवास फार आवडतो.

सहावी पायरी: रेल्वे, तीही शहराच्या आत

ही गोष्ट इंदूरचे लोकही विसरतात. इंदूर जंक्शनहून महूकडे जाणाऱ्या मार्गावर सैफी नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर आणि राऊ ही स्टेशनं आहेत. या मार्गावर डेमू, म्हणजे लोकलसारख्या डिझेल गाड्या धावतात. तुमचं घर राजेंद्र नगर किंवा लोकमान्य नगरला असेल आणि गाडीची वेळ तुमच्या वेळेशी जुळत असेल, तर रस्त्यावरच्या सगळ्या सिग्नलना बगल देऊन थेट शहराच्या मध्यात उतरता येतं. फेऱ्या मोजक्याच आहेत, म्हणून वेळ पाठ करावी लागते. पण ज्याला जमतं तो दुसरं काही वापरत नाही.

या मार्गाचा इतिहास आपला आहे. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज देऊन खंडवा-इंदूर रेल्वे बांधवून घेतली. साडेचार टक्के व्याज, मुदत 101 वर्षं. होळकर स्टेट रेल्वे ती. घाटातल्या मीटरगेज मार्गावरच्या पातालपानी ते कालाकुंड टप्प्यावर 25 डिसेंबर 2018 पासून हेरिटेज गाडी सुरू झाली. पावसाळ्यात घरचे पाहुणे आले की लोक त्यांना तिकडे नेतात. तिकीट आधी काढून ठेवा.

महाराष्ट्रात जायचं तर आज रेल्वे गुजरातला वळसा घालते. अवंतिका एक्स्प्रेस मुंबई सेंट्रलला जाते, पुण्याची गाडीही रतलाम, बडोदा, सुरत, वसई असा फेरा करते. विदर्भातल्यांसाठी बरं झालं ते ऑक्टोबर 2023 मध्ये, वंदे भारत भोपाळच्या पुढे नागपूरपर्यंत वाढली तेव्हा. आणि ज्याची खानदेश आणि माळवा पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहत होते, त्या मनमाड-इंदूर मार्गाला 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली: 309 किलोमीटर, 18,036 कोटी रुपये. धुळे, शिरपूरकडच्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

तिकीट काढताना गाडी कुठल्या स्टेशनहून सुटते ते नीट वाचा. काही गाड्या इंदूर जंक्शनऐवजी डॉ. आंबेडकर नगर किंवा लक्ष्मीबाई नगरहून सुटतात. लक्ष्मीबाई नगर म्हणजे शहराच्या उत्तरेकडची बाजू. सुदामा नगरहून तिथे ऐन गर्दीच्या वेळी पोचायला भरपूर वेळ हाताशी ठेवा.

सातवी पायरी: बाहेरगावची बस

महाराष्ट्रातून आलेल्याला इथे पहिला धक्का बसतो तो हा, की मध्य प्रदेशात आपल्यासारखी एसटी नाही. राज्याचं परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय 2005 साली झाला आणि तेव्हापासून गावोगावच्या बस खासगी मालकांच्या आहेत. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या प्रवासी बससेवेच्या योजनेला मान्यता दिली, ही आनंदाची गोष्ट. ती सेवा तुमच्या मार्गावर येईपर्यंत नियम एकच: स्टँडवर जाऊन विचारा. सगळ्या गाड्यांची एकत्र वेळ दाखवणारा फलक शोधत फिरू नका. कंडक्टर गावाचं नाव ओरडत असतात, त्या आवाजाकडे जा.

सरवटे बस स्टँड रेल्वे स्टेशनपासून पायी अंतरावर. इंदूरचे स्वातंत्र्यसैनिक आणि घटना समितीचे सदस्य वि. सी. सरवटे यांचं नाव त्याला आहे. उज्जैन, देवास या बाजूच्या बस आणि महाराष्ट्राची लाल एसटी इथे भेटते. इतक्या परक्या आवाजांत मराठी पाटीची बस दिसली की नव्या माणसाला धीर येतो, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. धार, मांडू, झाबुआकडे जायचं तर गंगवाल बस स्टँड, ते शहराच्या पश्चिमेला धार रोडवर. सरवट्याला जाऊन मांडूची बस शोधत बसू नका. ओंकारेश्वर, खंडव्याकडची वाट भंवरकुआंवरून निघते. भोपाळच्या चांगल्या एसी बस एआयसीटीएसएलच्या आवारातून मिळतात. मुंबई-पुण्याच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढताना मात्र पिकअप पॉइंट तिकिटावर काय छापलाय ते वाचा, आणि निघण्याआधी फोन करून खात्री करा.

आठवी पायरी: रात्र आणि बंद रस्त्यांचे दिवस

सराफ्यात खाण्याची दुकानं दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर लागतात आणि मध्यरात्रीनंतरही चालतात. जाताना बसने, मॅजिकने जा, पण परतीला त्यांच्यावर विसंबू नका. चार जण मिळून एक ऑटो किंवा टॅक्सी करा. गाडी सराफ्यात बोलावण्यापेक्षा कृष्णपुऱ्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर येऊन बोलवा, लवकर सापडते. एकट्या बाईने रात्री प्रवास करताना मुख्य चौराह्यावरूनच गाडी धरावी आणि घरच्यांना प्रवास मोबाइलवर शेअर करून ठेवावा.

वर्षातून काही दिवस शहराचा मध्यभाग गाड्यांसाठी बंदच असतो. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, टोरी कॉर्नर, राजवाडा हा सगळा भाग माणसांनी आणि रंगाने भरून जातो. त्या दिवशी विमान किंवा रेल्वे पकडायची असेल तर राजवाड्याचा रस्ता विसरा, रिंग रोडने किंवा बाहेरून जा, आणि निघायचं ते पहाटेच. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झाक्या, म्हणजे सजवलेले चालते देखावे निघतात. हुकूमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी अशा कापड गिरण्यांच्या कामगारांची शंभर वर्षांहून जुनी परंपरा. गिरण्या बंद पडल्या तरी झाक्या बंद पडल्या नाहीत. मार्गावरची वाहतूक संध्याकाळपासून वळवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती रुळावर येते. खजराना गणपतीला चतुर्थीला आणि बुधवारी गर्दी असते, त्या दिवशी बंगाली चौराहा ते खजराना हा पट्टा शक्य तर टाळा. रणजीत हनुमानाच्या प्रभातफेरीला डिसेंबरच्या सुमारास फूटी कोठी, अन्नपूर्णा, महू नाका या बाजूला पहाटेपासून रस्ते बंद असतात. पश्चिमेकडे राहणाऱ्यांनी ती तारीख आधी विचारून ठेवावी.

पहिल्या रविवारी करून बघा असा एक फेरा सुचवतो. सकाळी विजय नगरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या बसमध्ये डाव्या खिडकीला बसा आणि भंवरकुआंपर्यंत जा. येणारा प्रत्येक चौराहा मनात म्हणा. भंवरकुआंहून राजवाड्याची मॅजिक धरा, उतरून गल्ल्यांत चाला, भूक लागली की पोहे-जिलेबी खा. मग एमजी रोडने पलासियाकडे परता. पलासियाला उतरल्यावर विजय नगरची बस कुठल्या बाजूला मिळते ते कुणाला न विचारता ओळखा. ते जमलं की सोमवारपासून ऑफिसला बसने जा.